निकाल आणि निर्णय

माणूस रोज काही ना काही ठरवतो. पेरणी कधी करायची? गाय विकायची की ठेवायची? मुलीला पुढे शिकवायचे की नाही? ठरवताना पुढचे कोणालाच दिसत नाही. पुढे चांगले झाले, तर लोक म्हणतात, "गडी हुशार आहे." वाईट झाले, तर तेच लोक म्हणतात, "याला अक्कल नाही."

हे बरोबर आहे का? या पाठात दोन सामन्यांची हकीकत आहे. त्यावर एका गावातल्या रात्रीच्या वर्गात झालेला वादही आहे. हकीकत नीट वाचा. मग आपले मत आपण ठरवा.

१. खेळ कसा असतो?

आपल्या नांदेड-लातूरकडे कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट जास्त. कोल्हापुरात मात्र फुटबॉलचे मोठे वेड आहे. तिथे तालमींचे फुटबॉल संघ आहेत. सामन्याला गर्दी लोटते.

फुटबॉलमध्ये एका बाजूला ११ खेळाडू असतात. चेंडू पायाने मारायचा. डोक्यानेही मारता येतो. हात लावायचा नाही. फक्त गोलरक्षकाला त्याच्या हद्दीत हात लावता येतो. दोन खांबांमध्ये चेंडू गेला, की गोल झाला. या खांबांमध्ये २४ फुटांचे अंतर असते. उंची ८ फूट असते.

खेळ ९० मिनिटांचा असतो. मोठ्या स्पर्धेत बरोबरी झाली, तर आणखी ३० मिनिटे खेळवतात. तरीही बरोबरी राहिली, तर पेनल्टीचे फटके मारायचे. एका बाजूचे पाच जण एकेक फटका मारतात. चेंडू गोलापासून १२ यार्डांवर ठेवतात. समोर एकटा गोलरक्षक. फटका मारणाराही एकटा. हजारो डोळे त्याच्याकडे लागलेले असतात.

संघाला शिकवतो, तो प्रशिक्षक. त्याला कोच असेही म्हणतात. कोण खेळणार, कोणत्या जागी खेळणार, हे तो ठरवतो. तो स्वतः मैदानात उतरत नाही. पण जिंकले किंवा हरले, तरी पहिले बोट त्याच्याकडे जाते.

२. हैदराबादचे रहीमसाहेब

पहिली हकीकत आपल्या जवळची आहे. सन १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक गृहस्थ होते. ते पेशाने शिक्षक. सन १९५० पासून ते भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. लोक त्यांना रहीमसाहेब म्हणत.

सन १९६२ मध्ये इंडोनेशियातील जकार्ता शहरात आशियाई खेळ भरले. भारताचा पहिला सामना दक्षिण कोरियाशी झाला. भारत ०-२ असा हरला. पुढचा सामना थायलंडशी. तो भारताने जिंकला. पण त्या सामन्यात जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मार लागला. टाके घालावे लागले.

जर्नेल सिंग म्हणजे बचावाची भिंत. गोलासमोर उभे राहायचे, समोरच्याला अडवायचे, उंच आलेला चेंडू डोक्याने परतवायचा, हे त्यांचे काम. आता डोक्यालाच टाके. जपानविरुद्ध ते खेळले नाहीत. तो सामना भारताने त्यांच्याशिवाय जिंकला. पुढे उपांत्य सामना आला.

रहीमसाहेबांपुढे दोन वाटा होत्या. जर्नेल यांना बाहेर बसवायचे, किंवा टाक्यांसकट खेळवायचे. त्यांनी तिसरी वाट काढली. जर्नेल यांना त्यांनी बचावातून काढले आणि पुढे, गोल करणाऱ्यांच्या फळीत घातले. जर्नेल कॉलेजात असताना पुढच्या फळीत खेळलेले होते. हे रहीमसाहेबांना माहीत होते.

धोका दोन बाजूंनी होता. एक, मागची भिंत पातळ झाली. दोन, डोक्याला पुन्हा मार लागला असता, तर?

उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी झाला. भारत ३-२ असा जिंकला. त्यात एक गोल जर्नेल यांचा. मग ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामना झाला. समोर तोच दक्षिण कोरिया. मैदानात सुमारे लाखभर माणूस. आशियाई खेळांच्या राजकारणावरून तिथे भारतावर राग होता. गर्दी आपल्या संघाची हुर्यो उडवत होती. रहीमसाहेबांनी जर्नेल यांना पुन्हा पुढेच ठेवले. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला. २० व्या मिनिटाला जर्नेल यांनी दुसरा केला. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला. भारत २-१ असा जिंकला आणि सुवर्णपदक मिळाले.

पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब कर्करोगाने वारले. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही.

३. लंडनचा सामना

दुसरी हकीकत दूरची आहे. ११ जुलै २०२१ रोजी लंडन शहरात युरोप खंडाच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूला इंग्लंड, दुसऱ्या बाजूला इटली. इंग्लंडने शेवटचा मोठा चषक १९६६ साली जिंकला होता. तेव्हापासून ५५ वर्षे लोक वाट पाहत होते.

खेळ १-१ असा बरोबरीत राहिला. जादा वेळही संपत आला. आता पेनल्टीचे फटके येणार, हे सगळ्यांना दिसत होते. अगदी शेवटच्या घटकेला इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी दोन ताजे खेळाडू आत पाठवले. एक रॅशफर्ड, दुसरा सँचो. दोघेही तरुण. पेनल्टी मारायला म्हणूनच त्यांना आणले.

इंग्लंडचे पहिले दोन फटके गोलात गेले. तिसरा रॅशफर्डने मारला. चेंडू खांबावर आदळला. चौथा सँचोने मारला. गोलरक्षकाने अडवला. पाचवा फटका साका नावाच्या मुलाकडे आला. त्याचे वय १९ वर्षे. तो गोल झाला असता, तर बरोबरी झाली असती. गोलरक्षकाने तोही अडवला. इटली जिंकली.

मग आग भडकली. ही तिन्ही मुले काळ्या वर्णाची. लोकांनी मोबाइलवरून त्यांना रंगावरून घाण शिव्या दिल्या. मँचेस्टर शहरात एका भिंतीवर रॅशफर्डचे चित्र होते. कोणीतरी ते खराब केले. तेव्हा तिथलेच रहिवासी पुढे आले. त्यांनी त्या भिंतीवर मायेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. इतक्या चिकटवल्या, की खराब केलेली जागा झाकून गेली.

साउथगेट यांनी सांगितले, की फटके कोणी मारायचे हे मी ठरवले. सरावात पाहून ठरवले. जबाबदारी माझी आहे, मुलांची नाही. साउथगेट यांना हे दुःख ठाऊक होते. सन १९९६ मध्ये ते स्वतः खेळाडू होते. तेव्हा त्यांचाही असाच फटका हुकला होता आणि इंग्लंड हरले होते.

४. वर्गातला वाद

या दोन हकीकती गुरुजींनी वर्गात वाचून घेतल्या. वाचून होताच वाद सुरू झाला.

आबा म्हणाले, "रहीमसाहेब खरा माणूस. डोकं चालवलं, पदक आणलं. तो लंडनवाला मात्र खुळा. जिंकलेला डाव घालवला."

आबांचा नातू नांदेडला कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, "आबा, असं कामून बोलायलात? धोका तर दोघांनी बी पत्करला. एकाचं साधलं, एकाचं फसलं. एवढाच फरक आहे."

चहावाले मामा म्हणाले, "एवढाच नाही. एकोणीस वर्षांचं लेकरू! शेवटचा फटका त्याला द्यायचा का? आणि ते दोघं नुसते बसून होते. एकदम उठवून उभं केलं. जू मानेवर ठेवलं, की लगेच बैल ओढत नसतो. अंग मोकळं व्हावं लागतं."

"पण मामा, मोठा खेळाडू हुकत नाही का? सरावात बघूनच त्यानं नावं ठरवली होती."

"सराव येगळा, आखाडा येगळा. सरावात कोण बघायला असतंय?"

काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मला एक सांगा. रहीमसाहेबांचा डाव साधला, ते खरं. पण त्या जर्नेलच्या जिवाचं काय? डोक्याला टाके, आणि पुन्हा धक्काबुक्कीत पाठवायचं. धोका कुणाचा? डाव ठरवणाऱ्याचा, का खेळणाऱ्याचा?"

वर्ग शांत झाला. गुरुजी म्हणाले, "काकूंनी मोठी गोष्ट विचारली. सामना जिंकला, म्हणून हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. आज डोक्याला मार लागलेल्या खेळाडूबाबत नियम कडक झाले आहेत. डाव साधला, तरी त्यातला धोका तपासावा लागतो."

मग गुरुजींनी आबांना विचारले, "समजा, एकाने घर गहाण टाकून मटक्याचा आकडा लावला. आकडा लागला. निर्णय चांगला होता का?"

आबा हसले. "छे! तो तर घरबुडव्या. नशीब म्हणून वाचला."

"म्हणजे निकाल चांगला, पण निर्णय वाईट. असे होऊ शकते ना? मग उलटेही होऊ शकते. निर्णय विचाराचा, पण निकाल वाईट."

५. काकूंची पेरणी

काकू म्हणाल्या, "गुरुजी, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी भोगलंय. एका साली मिरगाचा थोडा पाऊस पडला. लोकांनी लगेच सोयाबीन पेरलं. मी मालकांना म्हणलं, जरा थांबा. आधीची दोन वर्सं दुबार पेरणी करावी लागली होती. बियाणं, खत, सगळं दोनदा. कृषी खात्याची माणसं बी सांगून गेली होती, की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर पेरू नका. मालकांनी ऐकलं. आम्ही थांबलो."

"मग?"

"मग काय! त्या साली पाऊस लागूनच राहिला. लवकर पेरलेलं जोमात आलं. आमचं पंधरा दिवस मागं पडलं. शेवटी पावसानं ओढ दिली, शेंगा भरल्या नाहीत. वर्षभर एकच ऐकलं. बाईचं ऐकलं, की असंच होतंय. तवापासून घरात मला कुणी काही विचारत नाही. मी बी सांगत नाही."

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने आबा म्हणाले, "त्यात मी बी बोललो होतो, पोरी. तुझा सल्ला बरोबरच होता. पाऊस काय तुझ्या हातात होता?"

गुरुजी म्हणाले, "खरे नुकसान इथे आहे. एका साली सोयाबीन कमी झाले. ते पुढच्या साली भरून निघेल. पण विचार करून बोलणारे एक माणूस घरात गप्प झाले. ते नुकसान दरसाल होत राहते."

६. निर्णय कसा तोलावा?

निकाल बघूच नये, असे नाही. एकाच माणसाचे निर्णय वारंवार फसत असतील, तर त्याच्या विचारात काही खोट असेल. ती शोधली पाहिजे. पण एका निकालावरून माणसाला शहाणा किंवा खुळा ठरवू नये. त्याआधी चार प्रश्न विचारावे.

एक : ठरवताना त्याला काय माहीत होते? आपल्याला आज जे माहीत आहे, ते त्याला तेव्हा माहीत होते का?

दोन : दुसऱ्या वाटा कोणत्या होत्या? त्यांत धोका नव्हता का?

तीन : धोका कोणाच्या अंगावर होता? त्या माणसाला विचारले होते का?

चार : फसल्यावर त्याने जबाबदारी घेतली का? की दुसऱ्यावर ढकलली?

साउथगेट यांचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर चहावाले मामा आणि आबांचा नातू यांचे अजून एकमत झालेले नाही. होण्याची गरजही नाही. वाद करावा. पण वाद निर्णयावर करावा. हुकलेल्या मुलाला शिव्या देणे, हा वाद नव्हे.

लक्षात ठेवा :
निर्णय आपल्या हातात असतो. निकाल पुरता आपल्या हातात नसतो.
विचारून, मोजून ठरवावे. फसले, तर कारण शोधावे. माणसाला टोचू नये.

कठीण शब्द :
उपांत्य सामना – अंतिम सामन्याच्या आधीचा सामना
हुर्यो उडवणे – ओरडून टिंगल करणे
पत्करणे – अंगावर घेणे
दुबार पेरणी – पहिली पेरणी वाया गेल्यावर पुन्हा केलेली पेरणी
ओढ देणे – पाऊस लांबणे

प्रश्न :
१. रहीमसाहेबांनी जर्नेल सिंग यांची जागा का बदलली?
२. साउथगेट यांच्या निर्णयाविरुद्ध चहावाले मामांनी कोणती कारणे दिली? आपल्याला ती पटतात का?
३. काकूंनी थांबायचा सल्ला कशावरून दिला होता?
४. आपल्या घरात फसलेला एखादा निर्णय आठवा. वरचे चार प्रश्न त्याला लावून पाहा. मग पाच ओळी लिहा.