स्वल्पविरामाने केला घोटाळा : ॲपमध्ये मजकुराचे तुकडे करताना



वर्गासाठी स्वतःचं प्रश्नमंजुषा ॲप बनवायचं असेल तर एमआयटी ॲप इन्व्हेंटर हे मोफत आणि सोपं साधन आहे. त्यात एक प्रश्न एका ओळीत असा साठवता येतो :

भारताची राजधानी कोणती?,मुंबई,नवी दिल्ली,चेन्नई,२

'स्प्लिट' हा ब्लॉक ही ओळ प्रत्येक स्वल्पविरामापाशी तोडतो आणि पाच तुकड्यांची यादी देतो. पहिला तुकडा प्रश्न, पुढचे तीन पर्याय, पाचवा बरोबर पर्यायाचा क्रमांक. 'सिलेक्ट लिस्ट आयटम' ब्लॉकने हवा तो तुकडा उचलायचा. इथे मोजणी १ पासून होते. जावा, कोटलिनमध्ये ती ० पासून होते.

माझं ॲप छान चाललं होतं. मग मी गणिताचा प्रश्न घातला :

एक लाख अंकांत कसे लिहाल?,१,००,०००,१०,०००,१०००,१

एक मुलगी म्हणाली, "सर, एक लाखाचं बटणच नाही!" बघतो तर बटणांवर १, ०० आणि ०००! तिने कोणतंही बटण दाबलं तरी ॲप "चूक" म्हणे, कारण पाचवा तुकडा झाला होता १०. उत्तर येत असूनही तिचा गुण गेला. चूक तिची नव्हती, माझी होती. आकड्यातला स्वल्पविराम कोणता आणि तोडायचा कोणता, हे ॲपला कळत नाही.

मग काय करायचं?

१. मजकुरात कधीच येणार नाही असं चिन्ह निवडा. उदा. उभी रेघ :
एक लाख अंकांत कसे लिहाल?|१,००,०००|१०,०००|१०००|१

२. तोडल्यावर 'लेंग्थ ऑफ लिस्ट'ने तुकडे मोजा. पाच नसतील तर तो प्रश्न मुलांसमोर आणूच नका.

३. चिन्हाच्या शेजारी मोकळी जागा राहिली असेल तर 'ट्रिम' ब्लॉकने ती काढा.

४. माहिती सीएसव्ही फाईलमधून येत असेल तर 'लिस्ट फ्रॉम सीएसव्ही रो' वापरा. दुहेरी अवतरणचिन्हांतल्या स्वल्पविरामाला तो हात लावत नाही.

मुलांना हे शिकवायला मोबाईलही लागत नाही. गणिताची ती ओळ कागदाच्या पट्टीवर लिहा आणि सांगा, "स्वल्पविराम दिसला की कात्री चालवा." पाचाऐवजी आठ तुकडे हातात आले की मुलंच विचारतात, "सर, असं कसं झालं?" तिथूनच धडा सुरू करा.