निळं यान, करडे पंख

मागच्या सेमिस्टरला रूम तपासणी झाली तेव्हा रेक्टर मॅडमनी माझ्या कपाटावर ठेवलेल्या वस्तूकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे?" हीटर, इस्त्री, इंडक्शन यांपैकी ते काही नाही एवढी त्यांची खात्री पटली होती. मी म्हटलं, "मॅडम, अंतराळयान." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "वय काय गं तुझं?"

वय वीस. यान ठोकळ्यांचं, लहान मुलं खेळतात त्याच लेगोच्या ठोकळ्यांचं. हाच प्रश्न नंतर मेसच्या मावशींनी विचारला, आमच्या एका सरांनीही विचारला, म्हणून सगळ्यांना एकदाच उत्तर देते आहे.

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावेत. आणि या विषयातले मराठी शब्द मला कुठल्या पुस्तकाने नाही, माझ्या सायखेड्याच्या आजीने दिलेत. ठोकळ्यावरचा गोल उंचवटा म्हणजे तिच्या भाषेत 'डोळा'. नेहमीचा जाड ठोकळा ती 'वीट'. विटेच्या एक तृतीयांश उंचीचा चपटा ठोकळा ती 'बसकी'. उतरता असेल तर 'कौल'. आणि वर एकही डोळा नसलेली गुळगुळीत चपटी, ती अर्थातच 'आंधळी'. लेखभर मी हेच शब्द वापरणार आहे. एकदा वाचलेत की विसरणार नाही तुम्ही.

आता हे यान असं जुन्या वळणाचं का? १९७८ साली डेन्मार्कच्या लेगो कंपनीने अंतराळाची मालिका बाजारात आणली. त्यातली यानं येन्स न्यूगार्ड क्नुडसेन या डिझायनरच्या हातची. हातपाय हलणारा छोटा लेगो माणूसही त्याच वर्षीचा आणि त्याच्याच हातचा. १९७९ मध्ये त्यांचं 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' आलं: ३३८ तुकडे, निळं अंग, करडे पंख, पिवळी पारदर्शक काच. त्रिकोणी पंख, मागे मोठी इंजिनं. बस्स. आज पाहिलं तर शाळकरी पोराने वहीच्या मागच्या पानावर काढलेल्या चित्रासारखं दिसतं, आणि म्हणूनच जगभर माझ्यासारखे लोक अजून त्याच धाटणीची यानं स्वतःच्या मनाने जुळवत बसतात. कंपनीने २०२२ मध्ये तेच यान १२५४ तुकड्यांत मोठं करून पुन्हा काढलं. ते सुंदर आहे, पण तयार नकाशावरून जोडायचं आहे. मी बोलतेय ते नकाशा नसलेल्या यानाबद्दल.

अंतराळात हवा नाही, मग यानाला पंख कशाला? सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्स शिकताना हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला, आणि थोडी शरमही वाटली. माझ्यापुरतं उत्तर असं, की त्या काळात वेगाचं चित्र म्हणजे जेट विमान. माणूस भविष्य काढतो ते डोळ्यासमोरच्या वस्तूंवरूनच. आमच्या डोळ्यासमोर तर जेट रोजचंच. सायखेडा गोदाकाठी, निफाड तालुक्यात. आणि त्याच तालुक्यात ओझरला एचएएलचा कारखाना, १९६४ साली मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिलेला. मी लहान असताना द्राक्षबागांवरून सुखोई कडाडत जायचं आणि आजी कपाळावर हात धरून वर बघायची. माझा मामा तिथे फिटर. मिग-२१ चं नाक म्हणजे नळकांडं आणि त्यातून बाहेर आलेला शंकू, हे मला एबीसीडीच्या आधी माहीत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाने मिग-२१ निवृत्त केलं तेव्हा मामा दिवसभर गप्प होता. माझ्या यानाच्या नाकालाही तसाच शंकू आहे. अंतराळात त्याचा उपयोग शून्य. राहू दे.

ठोकळे आले मस्कतच्या काकांकडून, २०१३ मध्ये. चुलतभावाचे वापरून झालेले, कापडी पिशवीत भरलेले सुटे तुकडे. खोका नाही, सूचनापत्रक नाही. निळे आणि करडे जास्त, म्हणून मी आपोआप त्या जुन्या यानांकडे वळले. आठवीपर्यंत माझं पहिलं मोठं यान तयार झालं होतं. त्याचा एकही फोटो नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये गंगेला पूर आला. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) गंगापूर धरणातून पाणी सुटलं की चांदोरी आणि सायखेडा पाण्यात, हे आमच्याकडे नवं नाही, २०१६ चा पूरही मला आठवतो. पण या वेळी पाणी आमच्या ओट्यावर थांबलं नाही. धान्य, कागदपत्रं, टीव्ही, आजीचं औषध एवढं माळ्यावर गेलं. यान टेबलावर होतं आणि सुट्या ठोकळ्यांची पिशवी पलंगाखाली. आम्ही परत आलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता. यान नव्हतं. पिशवी फाटून तुकडे मात्र गाळात होते.

असं का झालं, ते मला पुढे बॉयन्सीच्या लेक्चरला कळलं. ठोकळ्यांचं एबीएस प्लास्टिक पाण्यापेक्षा किंचितच जड. सुटा ठोकळा उलटून पाणी भरलं की बुडतो. जोडलेल्या ठोकळ्यांत मात्र हवा अडकते, सगळी वस्तू मिळून पाण्याहून हलकी होते आणि तरंगत निघून जाते. समुद्रातही हेच झालंय. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ टोकियो एक्सप्रेस जहाजावरून ६२ कंटेनर वादळात पडले, त्यातल्या एकात लेगोचे सुमारे ४८ लाख तुकडे होते. तरंगणारे किनाऱ्याला लागले, बुडणारे तळाशी गेले. आमच्या घरात बुडालेले वाचले, इतकाच फरक. सबमिशन असतं तर त्या लेक्चरला मी उदाहरण म्हणून लिहिलं असतं. तेव्हा नुसती खिडकीबाहेर बघत बसले.

गाळ उपसायला सगळी गल्ली लागली होती. पाटीत भरायचा आणि रस्त्यावर टाकायचा. आजीने आमच्या घराचा गाळ सरळ टाकू दिला नाही. गहू चाळायची चाळण घेऊन ती ओट्यावर बसली, वरून पाणी ओतत गेली आणि राहिलेले तुकडे एका परातीत जमवत गेली. चार दिवस. बाबा वैतागले, इथे घर उभं करायचंय आणि ही खेळणी वेचतेय. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही उपसा, पोरीचं मी उपसते." डोळा, बसकी, कौल, आंधळी ही नावं त्या चार दिवसांतली. शेवटी मोजले तर ३१२ निघाले. (धुताना एक लक्षात ठेवा: कोमट पाणी आणि साबण. उकळतं पाणी कधीच नाही, ठोकळा वाकडा होतो आणि मग कशातच बसत नाही.)

यान पुन्हा करायचं तर करड्या लांब बसक्या कमी होत्या. मी नाशिकच्या बाजारातून स्वस्तातले, दुसऱ्याच कुठल्या कंपनीचे ठोकळे आणले आणि मिसळून वापरले. पंख तयार झाला, पण पापडासारखा वर वळला. मी तो मामाकडे नेला. मामाने व्हर्निअर काढला. लेगोच्या दोन डोळ्यांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, बसकीची ३.२. सोळा डोळ्यांची लांब बसकी १२८ भरायला हवी, पण शेजारी दुसरी बसवता यावी म्हणून ०.२ ची फट सोडलेली, म्हणून १२७.८. बाजारातली भरली १२७.२. "एका डोळ्याला किती चूक?" मामाने विचारलं. साधारण ०.०४ मिलिमीटर, केसापेक्षा कमी. पण सोळा डोळ्यांवर ती साठत गेली. वरची आखूड, खालची लांब, दोघी एकमेकींना घट्ट धरून, म्हणजे झाली बायमेटॅलिक पट्टी. वाकणारच.

फर्स्ट इयरचा व्ही-फिटिंगचा जॉब आठवतोय ना? कानस घासून घासून हात सुजले आणि शेवटी उजेडापुढे धरला तर फटीतून सूर्य दिसत होता. ठोकळ्यात तीच गोष्ट आहे. डोळा खाचेपेक्षा अगदी थोडा मोठा असतो. दाबला की खाचेच्या भिंती किंचित फाकतात आणि परत येऊ पाहतात, त्या ताणावर तो धरून राहतो. इंटरफिअरन्स फिटच, फक्त हाताने काढता येईल इतकाच. फार घट्ट केला तर मूल रडेल, फार सैल केला तर यान. २८ जानेवारी १९५८ ला या जोडणीच्या पेटंटचा अर्ज झाला, आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. बाजारातल्या ठोकळ्यांना मी नावं ठेवत नाही, लहान अंतरावर ते चालतात. माझा नियम आता एवढाच: चार डोळ्यांपेक्षा लांब जोडात दोन जाती मिसळायच्या नाहीत.

दुसरा पंख गळून पडला तो वेगळ्या कारणाने. ठोकळे आडव्या सरकण्याला दाद देत नाहीत, पण वर ओढलं की सुटतात. मी पंख अंगाला बाहेरून चिकटवला होता, दोनच डोळ्यांवर. हिशेब करून बघा. पंखाचं वजन ६० ग्रॅम, त्याचा भार मुळापासून १० सेंटिमीटरवर धरला तर मोमेंट साधारण ०.०६ न्यूटन-मीटर. पकड दोन डोळ्यांची म्हणजे १६ मिलिमीटर, तर ओढ येते जवळपास ३.७ न्यूटन. तीच पकड चार डोळ्यांची केली की ओढ निम्मी. म्हणून पंखाच्या बसक्या अंगातून आरपार घालायच्या, एका पंखातून दुसऱ्या पंखात, आणि वरखाली विटांनी दाबायच्या. विटांचे जोड एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. गवंडी याला सांधेमोड म्हणतात, आमच्या गल्लीतली पुरानंतरची प्रत्येक भिंत तशीच बांधली गेलीय. स्ट्रक्चर्स शिकवणाऱ्या कुठल्याही सरांनी हे मला इतकं पटवून दिलं नव्हतं.

सगळ्यात मजेचा भाग आडव्या बांधणीचा. पाच बसक्या एकावर एक ठेवल्या की ५ × ३.२ म्हणजे १६ मिलिमीटर, आणि दोन डोळ्यांची रुंदीही १६. म्हणजे पाच बसक्यांची थप्पी आडवी पाडली तर ती दोन डोळ्यांच्या जागेत चपखल बसते. ज्या विटेला कडेलाही एक डोळा असतो, तिच्यावर ही थप्पी लावायची आणि बाहेरून आंधळी बसवायची. यानाची बाजू अशी सपाट होते की डोळे कुठे गेले कळत नाही. माझ्याकडे पुरातून वाचलेल्या अशा कडेडोळी विटा फक्त चार होत्या. म्हणून यानाचं नाक तेवढं गुळगुळीत आहे, बाकी अंगावर सगळीकडे डोळेच डोळे. रंगांचंही तसंच. अंग निळं, पंख करडे, मागे दोन लाल दिवे, एवढंच ठेवायचं. हाताला लागेल तो रंग लावला की जुनं वळण गेलंच म्हणून समजा, मग ते यान न राहता जत्रेतला पाळणा होतो.

पिवळी काच मात्र मिळालीच नाही. तिच्या जागी मी जर्नलच्या स्टिक फाइलचं पिवळं पारदर्शक कव्हर कापून वाकवून बसवलंय. कडक नियम पाळणारे लोक याला बाटवणं म्हणतील. म्हणू दे.

आता कुणी म्हणेल, एवढे पैसे कुणाकडे आहेत? खरं आहे, हे खेळणं महाग आहे. पण १९७८ सालचीच आणखी एक गोष्ट सांगते. त्या वर्षी पुण्याच्या टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांचा मेकॅनो केला. ट्यूबच्या भोकात काडी ताणून बसते. म्हणजे पुन्हा तोच फिट, आणि खर्च चहापेक्षा कमी. पुढे पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना असली खेळणी करायला शिकवलं. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. या मेकॅनोने यानाचा सांगाडा एका संध्याकाळी होतो. मी आमच्या विंगमध्ये करून पाहिलाय. काड्यांची डोकी आधी खरवडून टाका, म्हणजे रेक्टर मॅडमना आणखी एक प्रश्न पडायला नको.

आजीचा फोन रविवारी येतो. आमच्या मागच्या अंगणात अजून पुराचा गाळ मुरलेला आहे आणि ती तिथे गवती चहा, अळू असं काहीबाही लावत असते. खुरप्याला काही लागलं की धुऊन मिशरीच्या रिकाम्या डबीत टाकते. गेल्या रविवारी म्हणाली, "एक सापडलंय. निळं. चार डोळ्यांची बसकी." यानाच्या डाव्या पंखाच्या मुळाशी निळी संपली म्हणून मी बरोबर तेवढीच एक लाल बसकी लावलेली आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले की डबी घेऊन येईन. लाल काढायची की राहू द्यायची, ते अजून ठरलेलं नाही.