धरणाची गळती

मुलांनो, प्रवरा नदीवरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. १९६९ साली त्याच्या दगडी भिंतीला तडे गेले. पाणी गळू लागले. गळती दिसली, म्हणून पुढे भिंतीला आधार बांधून ती मजबूत करता आली.

आपल्या मूत्रपिंडांत रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक गाळण्या असतात. मधुमेहात साखर सतत वाढलेली राहिली, की त्या खराब होतात. मग रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीतून जाऊ लागते. दुखत मात्र काहीच नाही! तिथेच माणूस फसतो. ही गळती जितकी जास्त, तितका मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका अधिक. रक्तातले क्रिएटिनिन वाढते, ते बरेच उशिरा. लघवीची तपासणी आधीच सांगते.

तुमच्या अब्बांना किंवा दादींना मधुमेह आहे का? मग यंदा ही तपासणी केली का, ते आजच विचारा.