गळतीच्या मागचं कारण शोध

चि. मनूस,


इकोच्या खोलीत तुझी ड्यूटी सुरू झाल्याचं ताईनं कळवलं. आनंद झाला. एक गोष्ट आग्रहानं सांगतो: ‘व्हॉल्व गळतो’ एवढंच लिहून रिपोर्ट हातावेगळा करू नकोस. का गळतो, ते बघ.

चाळिशीची बाई धाप लागते म्हणून येते. मायट्रलला गळती दिसते आणि आपल्याकडे लगेच ‘रुमॅटिक’ लिहून मोकळं व्हायची सवय आहे. पण व्हॉल्वच्या पाकळ्या जाड नसतील आणि पॅपिलरी स्नायू पांढरे चमकत असतील, तर शॉर्ट ॲक्सिसमध्ये महाधमनीवर ये. घड्याळाच्या हिशेबानं उजवी कोरोनरी अकराच्या सुमारास निघते, डावी चारच्या. उजवी फुगलेली आणि डावीचं तोंड सापडत नाही, तर कलरची स्केल सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत खाली आण. मधल्या पडद्यात डायस्टोलमध्ये रंगाचे ओघळ दिसले, तर त्यांना छिद्रं समजू नकोस. छिद्रातली जोरदार धार सिस्टोलमध्ये असते. हे ओघळ म्हणजे उजवीनं डावीला रक्त पुरवण्यासाठी तयार केलेल्या आडवाटा. मग फुफ्फुसधमनीत डायस्टोलमध्ये शिरणारी बारीक धार शोध.

ती सापडली, तर डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुफ्फुसधमनीतून निघाली आहे, म्हणजे अल्कापा. तिथला दाब कमी, म्हणून डावीतलं रक्त स्नायूला मिळायचं सोडून उलटं तिकडे वाहून जातं; पॅपिलरी स्नायू उपाशी राहतात आणि व्हॉल्व गळतो. 1933 मध्ये बोस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड यांनी एका तान्ह्या बाळात हा आजार सविस्तर वर्णिला. सुमारे 3 लाख जन्मांत एक, आणि उपचारांविना बहुतेक बाळं पहिल्या वर्षातच दगावतात. मोठेपणी भेटणारा रोगी त्या आडवाटांवर तगलेला असतो. अचानक मृत्यूचं भय मात्र त्याच्या मानगुटीवर असतंच. म्हणून सीटी अँजिओनं खात्री करून त्याला सर्जनकडे पाठवायला दिरंगाई नको. नुसता व्हॉल्व बदलून मूळ दुखणं जात नाही.

छाती जाड असली की कोरोनरीची तोंडं नीट दिसत नाहीत. अशा वेळी साच्यातलं ‘नॉर्मल’ तसंच ठेवू नकोस. ‘डावीचं तोंड दिसलं नाही’ असं स्पष्ट लिही. त्या एका ओळीवरून पुढचा डॉक्टर सीटी मागवेल.

तुझा,
मामा