युरिया वाढवू की कुंडी?

बर्गरमध्ये जे कुरकुरीत हिरवे पान असते ना, तेच लेट्यूस. त्याची मुळे उथळ असतात, त्यामुळे होस्टेलच्या गॅलरीतही ते लावता येते. पण रोप खुरटले की आपला उपाय ठरलेला : "टाक अजून चमचाभर युरिया!" इंजिनिअरिंगच्या मुलांनी तरी आधी हिशोब करावा, असे मला वाटते.

लेट्यूसमध्ये सुमारे 95 टक्के पाणी असते. म्हणजे 200 ग्रॅमच्या गड्ड्यात कोरडा भाग फक्त 10 ग्रॅम. त्यात नायट्रोजन साधारण 4 टक्के, म्हणजे 0.4 ग्रॅम. युरियात नायट्रोजन 46 टक्के. म्हणजे अख्ख्या गड्ड्यातला नायट्रोजन जेमतेम 1 ग्रॅम युरियाएवढा! आणि आपला चहाचा चमचा भरतो 4 ग्रॅमच्या आसपास.

नायट्रोजन लागतो हे खरेच. क्लोरोफिलच्या प्रत्येक रेणूत त्याचे 4 अणू असतात. तो कमी पडला की रोप जुन्या पानांतला नायट्रोजन काढून कोवळ्या पानांना पुरवते, म्हणून आधी खालची पाने पिवळी पडतात. शिवाय पानांच्या मानाने मुळे जास्त वाढवून ते नायट्रोजन शोधू लागते.

पण मुळांना जागाच नसेल तर? प्लॅस्टिकच्या ग्लासात मुळे कडेकडेने गोल फिरत राहतात. माती थोडी, त्यामुळे पाणी लवकर संपते आणि मुळांच्या दाटीत हवाही कमी पडते. पाने लहानच राहतात. त्यात भरपूर युरिया ओतला, तर मातीतले पाणी इतके दाट होते की ऑस्मोसिसने ते आत घेणे मुळांना जड जाते. पानांच्या कडा करपतात आणि रोप मरूही शकते.

10 ऑगस्ट 2015 रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अंतराळवीरांनी तिथेच वाढवलेले लाल लेट्यूस खाल्ले. तिथेही मुळांना जागा एका छोट्या पिशवीएवढीच होती. पण त्यात हळूहळू सुटणारे खत घातले होते, एकदम मारा नव्हता.

तेव्हा खत द्यायच्या आधी कुंडीच्या तळाकडे बघा. भोकातून मुळे बाहेर आली असतील, तर रोप 2-3 लिटरच्या कुंडीत हलवा. मुळांना जागा आहे, तरी खालची पाने पिवळी पडताहेत? मग युरिया द्या, पण चिमूटभरच, पाण्यात विरघळवून.