जंगलातून सर्व्हरची डिस्क बघताना: काय करावे, काय टाळावे

२०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,४८,५८,६२३ फोटो जमले. त्यांत वाघाचे ७६,६५१. म्हणजे साधारण ४५५ फोटोंमागे वाघ एकदा दिसतो. ताडोबा असो, ब्रह्मपुरीचे जंगल असो की गडचिरोलीतले चपराळा, कॅमेऱ्यासमोरून गुरे जातात, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणारी माणसे जातात, आणि उन्हाने तापलेले गवत वाऱ्यावर हलले तरी कॅमेरा टिपतोच. हे सगळे दूरच्या सर्व्हरवर चढते. डिस्क भरल्याचे कळते ते बहुधा अपलोड अडल्यावर. पुढचे मुद्दे लिनक्स सर्व्हर धरून आहेत.

काय करावे

• एसएसएचने आत शिरल्यावर आधी ‘डीएफ -एच’. उत्तर चार-सहा ओळींचे आणि तत्काळ येते. टेकडीवर चढून मिळालेल्या एका दांडीच्या नेटवर्कवरही भागते. फोटोंचे पार्टिशन आणि रूट पार्टिशन यांचे आकडे वेगळे वाचावेत. फोटोंना जागा मुबलक असूनही लॉगने रूट भरला, तर सर्व्हर बंद पडू शकतो.

• लगेच ‘डीएफ -आय’ही चालवावे. बहुतेक लोक हे विसरतात. डिस्क ६० टक्केच भरलेली, तरी ‘जागा नाही’ असा निरोप येतो, तेव्हा आयनोड संपलेले असतात. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो. ईएक्सटी४ मध्ये नेहमीच्या मांडणीत दर १६ केबीला एक मिळतो. मूळ फोटो काही एमबींचा असल्याने त्याने अडचण येत नाही. पण पाच-सात केबीची थंबनेल वेगळ्या पार्टिशनवर साठवणारी प्रणाली असेल, तर तिथे जागेआधी आयनोड संपू शकतात.

• कोणता फोल्डर फुगला हे ‘डीयू’ सांगते, पण ते एकेक फाइल मोजत जाते. लाखो फोटोंवर तास जाऊ शकतो. म्हणून ते टीमक्समध्ये सुरू करावे. मध्येच लाइन तुटली तरी काम चालू राहते. ‘-एक्स’ जोडावे, नाहीतर ते जोडलेल्या दुसऱ्या डिस्कांतही फिरत बसते. खोली एका पातळीपुरती ठेवावी आणि निकाल फाइलमध्ये उतरवावा. अपलोडच्या वेळी हे नको, रात्री बरे.

• कॅमेऱ्याचे कार्ड पुसण्याआधी सर्व्हरवरची जागा बघावी, नंतर नव्हे. फोटो पूर्ण चढले हे चेकसमने पडताळल्याशिवाय कार्ड रिकामे करू नये. त्या पाणवठ्यावरची ती रात्र पुन्हा मिळत नाही.

• ८० टक्क्यांवर आपोआप ईमेल जाईल अशी क्रॉनची नोंद करून ठेवावी. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा कोणीही लॉगिन करून बघणार नसते.

काय टाळावे

• रिमोट डेस्कटॉप उघडून फोल्डरवर उजवी क्लिक. चित्र पोहोचेपर्यंत सत्र तुटते.

• जागा हवी म्हणून ‘रिकामे’ फोटो पुसणे. फक्त गवत असलेली फ्रेमसुद्धा त्या दिवशी कॅमेरा चालू होता याचा पुरावा असते, आणि वाघांची संख्या काढताना कॅमेरा किती दिवस चालला हे धरावे लागते. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या कॅमेऱ्यांत एकाच क्षणी आलेला एकच वाघ हाही दुबार फोटो नव्हे. डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत, दोन्ही लागतात. आधी जुने लॉग, तात्पुरत्या फाइली, अर्धवट अपलोड आणि पुन्हा बनवता येणारी थंबनेल यांकडे वळावे.

• चालू सेवेची लॉग फाइल ‘आरएम’ने उडवणे. नाव जाते, जागा सुटत नाही, कारण सेवेने ती उघडी धरलेली असते. ‘एलएसओएफ’ला ‘+एल१’ जोडले की अशा फाइली दिसतात. सेवा पुन्हा सुरू करावी. लॉग मोठा होत असेल तर लॉगरोटेट लावावे.

• आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरणे. ‘-एच’ची मोजणी १०२४ च्या पटीत असते, आणि त्या पटीत एक टीबीची डिस्क सुमारे ९३१ जीबीच भरते. शिवाय ईएक्सटी४ सहसा पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखते. चार टीबीवर ते सुमारे २०० जीबी होतात.

• नेटवर्क अडखळत असताना तारांकन लावून पुसण्याची कमांड टाइप करणे. अक्षरे उशिरा उमटतात आणि एंटर आधीच दाबलेले असते.

• ‘डीयू’च्या निकालाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅप गटावर टाकणे. फोल्डरच्या नावात बीट, कक्ष क्रमांक, कधी वाघाचा क्रमांकही असतो. कोणता कॅमेरा जास्त फोटो देतो हे शिकाऱ्याला आयते कळते. मदत हवी असेल तर नावे खोडून नुसते आकडे पाठवावेत.