शितावरून भाताची परीक्षा : घरोघरच्या चाचणीतून साथीचा माग काढण्याची कृती

भात शिजला का, हे बघायला कुणी अख्खं पातेलं चेपून बघत नाही. दोन शितं बोटांत दाबली की कळतं. मात्र ती शितं कुठून उचलली याला महत्त्व आहे. नुसती वरची घेतली, तर तळाला भात करपला तरी पत्ता लागत नाही.

कोरोनाच्या साथीत रोज संध्याकाळी जाहीर होणारा आकडा अशा वरच्या शितांचा असे. ज्यांना ताप आला, ज्यांच्या घरात रुग्ण निघाला, ज्यांना प्रवासासाठी दाखला हवा होता, तेच चाचणीच्या रांगेत उभे राहिले. रविवारी केंद्रं बंद राहिली की सोमवारी साथ ‘ओसरते’. शहरात विषाणू किती पसरलाय हे जाणायचं, तर रांगेत न आलेल्या माणसाच्याही नाकात काडी घालावी लागते. तीही त्याच्या घरी, कारण तो केंद्रावर येणार नसतो.

इंग्लंडमध्ये मे २०२० ते मार्च २०२२ या काळात हेच केलं गेलं. इम्पीरियल कॉलेज लंडनच्या पॉल इलियट यांच्या नेतृत्वाखालच्या या पाहणीचं नाव रिॲक्ट-१. तिच्या १९ फेऱ्या झाल्या आणि सुमारे २५ लाख नमुने तपासले गेले. पुढची कृती मुख्यतः त्या अनुभवावर बेतलेली आहे. जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला ती उपयोगी पडेल, आणि पेपरातला आकडा पारखून घ्यायची सवय असलेल्या वाचकालाही.

साहित्य

• परिसरातल्या सर्व रहिवाशांची, शक्य तितकी पूर्ण यादी
• स्वॅब, नळी, बारकोड आणि चित्रांचं सूचनापत्रक असलेली किट
• छोटी प्रश्नावली : वय, काम, घरात माणसं किती, गेल्या आठवड्यात कोणती लक्षणं
• नमुने गोळा करण्याची व्यवस्था
• एकच निकष पाळणारी प्रयोगशाळा
• फोनवर न कंटाळता बोलणारी माणसं
• आकडेमोड जाणणारा एक तरी माणूस, आणि तोही पहिल्या दिवसापासून

कृती

१. प्रश्न एका वाक्यात लिहून काढा.
‘आज किती टक्के लोकांच्या नाका-घशात विषाणू आहे?’ हा एक प्रश्न. ‘आजवर किती जणांना लागण होऊन गेली?’ हा दुसरा. पहिल्याला स्वॅब लागतो, दुसऱ्याला रक्ताच्या थेंबातली प्रतिपिंडं. इंग्लंडमध्ये दुसऱ्या प्रश्नासाठी बोट टोचून घरीच करायच्या चाचणीची रिॲक्ट-२ ही वेगळी पाहणी होती. दोन प्रश्न एका किटमध्ये कोंबू नका.

२. यादी मिळवा.
इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येक जण सरकारी आरोग्यसेवेच्या कुठल्या ना कुठल्या डॉक्टरकडे नोंदलेला असतो. त्या नोंदवहीतून पाच वर्षं आणि त्यावरच्या लोकांची नावं निवडली गेली. आपल्याकडे अशी एकसंध नोंदवही नाही. मतदारयादीत १८ वर्षांखालची मुलं नसतात, तर मालमत्ता कराच्या यादीत भाडेकरू सापडत नाही. अशा वेळी आधी गावं आणि वॉर्ड चिठ्ठ्यांनी निवडायचे, मग तिथली घरं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे-जून २०२० मधली देशव्यापी रक्तपाहणी याच पद्धतीने केली. देशातले ७० जिल्हे, प्रत्येकात १० गावं किंवा वॉर्ड, प्रत्येक ठिकाणी ४० प्रौढ. महाराष्ट्रातले बीड, परभणी, नांदेड, सांगली, तेव्हाचं अहमदनगर आणि जळगाव हे सहा जिल्हे त्यात होते.

३. किती माणसं हवीत ते ठरवा.
सोपा हिशेब असा : निदान १०० पॉझिटिव्ह हाती येतील एवढे नमुने घ्या. शंभर पॉझिटिव्ह असले की उत्तर साधारण २० टक्के इकडेतिकडे होतं आणि तेवढ्यावर निर्णय घेता येतो. लागण १ टक्का असेल असं वाटत असेल तर १०,००० नमुने लागतील. ती हजारात एक असेल तर एक लाख. विषाणू जितका विरळ, तितकं जाळं मोठं टाकावं लागतं.

४. चिठ्ठ्या काढा आणि त्या मोडू नका.
पातेलं ढवळण्याची पायरी हीच. निवड संगणकाने करावी, ओळखीने किंवा सोयीने करू नये. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घ्यायचा मोह होतो. तो टाळा. दुपारी बाराला दार उघडणाऱ्या घरात आजी-आजोबा असतात. कुलूप लावून गेलेला माणूस लोकलला लोंबकळत असतो आणि आपल्याला नेमका त्याचाच स्वॅब हवा असतो. त्याच दारावर पुन्हा जा, वेळ बदलून जा.

५. आधी पत्र, मग किट.
पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात : तुमचं नाव चिठ्ठीने आलंय, भाग घेणं ऐच्छिक आहे, निकाल तुम्हाला कळवू, तुमचं नाव कुठे छापणार नाही. ज्याने होकार कळवला त्यालाच किट पाठवा. इंग्लंडमध्ये सुमारे १ कोटी ४० लाख लोकांना निमंत्रणं गेली आणि पाच-सहा जणांमागे एकाचा नमुना आला. म्हणजे नकार गृहीत धरूनच पत्रांची संख्या ठरवायची. पत्रात हेही ठळक लिहा की तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाचा नमुना आम्हाला तितकाच हवा आहे. नाहीतर निरोगी माणूस ‘मला कुठे काय झालंय?’ म्हणून किट फडताळात ठेवून देतो आणि खोकणारा मात्र त्याच दिवशी पाठवतो. मग पुन्हा वरचीच शितं हाती येतात.

६. स्वॅब घ्यायला शिकवा.
सगळी पाहणी या अर्ध्या मिनिटावर उभी असते, म्हणून सूचना चित्रांत द्या आणि एका चित्रात एकच गोष्ट दाखवा. खाऊन-पिऊन अर्धा तास होऊ द्या. हात धुवा, नाक शिंकरून मोकळं करा. नळीवरचा आणि कागदावरचा बारकोड जुळतोय का ते आधी बघा, नंतर लक्षात राहत नाही. स्वॅबचं पाकीट दांडीच्या बाजूने फाडा, मऊ टोकाला बोट लावू नका. आरशासमोर उजेडात उभे राहा, मोठा आ करा आणि पडजिभेच्या दोन्ही बाजूंच्या टॉन्सिलवर काडी घासा. जीभ, दात, गाल यांना ती लागू द्यायची नाही. उबळ येईल, डोळ्यांत पाणी येईल. बहुतेकांचा हात नेमका इथेच मागे येतो. पाणी आलं म्हणजे काडी योग्य जागी पोचली. मग तेच टोक नाकपुडीत सरळ मागे, अडेल तिथपर्यंत न्या आणि दहा-पंधरा सेकंद गोल फिरवा. काडी नळीत घालून खुणेवर मोडा, झाकण घट्ट बसवा. रिॲक्ट-१ मध्ये ५ ते १२ वर्षांच्या मुलांचे नमुने आईवडिलांनी घेतले. मुलाला मांडीवर घ्यावं, डोकं आपल्या छातीला टेकवावं आणि ‘टोचणार नाही, गुदगुल्या होतील’ हे खरं तेच सांगावं.

७. नमुना थंड ठेवा, लवकर हलवा.
इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या फेऱ्यांत लोक नळी घरच्या फ्रिजमध्ये ठेवत आणि कुरिअरवाला ती थंड पेटीतून नेत असे. नंतरच्या काळात नमुने सलाइनमध्ये ठेवून टपालानेही पाठवले गेले. पद्धत बदललीत तर एका फेरीत जुनी आणि नवी दोन्ही निम्मी-निम्मी वापरा. नाहीतर आकडा साथीमुळे हलला की पद्धतीमुळे, ते कळणार नाही.

८. पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं ते आधीच लिहून ठेवा.
रिॲक्ट-१ चा निकष असा होता : पीसीआरमध्ये (नमुन्यातलं जनुकीय द्रव्य आवर्तनागणिक वाढवत नेणाऱ्या चाचणीत) शोधलेले विषाणूचे दोन्ही जनुकीय भाग सापडले, किंवा त्यांतलं एन जनुक ३७ पेक्षा कमी आवर्तनांत दिसलं, तर पॉझिटिव्ह. निकाल पाहून निकष हलवायचा नाही. पॉझिटिव्ह व्यक्तीला निकाल त्वरित कळवा आणि सोबत काय करायचं तेही सांगा.

९. भागाकार करा, शेजारी अनिश्चितता लिहा.
पहिल्या फेरीचे आकडे घेऊ. १,२०,६२० नमुने, त्यांत १५९ पॉझिटिव्ह. भागाकार ०.१३ टक्के. आता १५९ चं वर्गमूळ साधारण १२.६, त्याची दुप्पट २५. म्हणजे पॉझिटिव्ह १३४ ते १८४ यांच्या दरम्यान कुठेही असू शकले असते, टक्क्यांत ०.११ ते ०.१५. इंग्लंडची लोकसंख्या साडेपाच कोटींच्या वर, म्हणजे एका वेळी सत्तर-पंचाहत्तर हजार लोकांच्या अंगात विषाणू होता. ज्या पॉझिटिव्ह लोकांच्या लक्षणांची माहिती मिळाली, त्यांपैकी ६९ टक्क्यांना स्वॅबच्या आधीच्या आठवड्यात काहीही लक्षण नव्हतं. त्यांतले बरेच जण रांगेत कधी उभेच राहिले नसते.

१०. तराजू सरळ करा.
गावात तरुण ३० टक्के असतील आणि तुमच्या नमुन्यात १० टक्केच आले असतील, तर हिशेबात प्रत्येक तरुणाला तिघांइतकं धरा. वय, लिंग, भाग, आर्थिक स्थिती या प्रत्येकासाठी हेच करायचं. मात्र जो गट अजिबात आलाच नाही, त्याला कितीने गुणलं तरी शून्यच येतं. त्यासाठी पुन्हा पायरी चारवर जा.

११. चाचणीच्या चुका वजा करा.
समजा, झटपट निकाल देणारं रॅपिड अँटिजेन किट वापरलं. ते निरोगी लोकांपैकी ०.३ टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह ठरवतं आणि खऱ्या बाधितांपैकी ७० टक्केच पकडतं. दहा हजारांत १३० पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे वरवर १.३ टक्के. रोगन आणि ग्लेडन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या सूत्रात आधी खोटे ०.३ वजा करायचे, उरतो १.०. मग त्याला ०.७० वजा ०.००३ म्हणजे ०.६९७ ने भागायचं. खरं उत्तर १.४३ टक्के. हेच किट लागण हजारात एक असताना वापरलं, तर खऱ्यांपेक्षा खोटे पॉझिटिव्ह कितीतरी जास्त निघतील. साथ विरळ असताना पीसीआर लागतो तो यासाठी.

१२. हीच कृती ठरलेल्या अंतराने पुन्हा करा.
एक फेरी म्हणजे एक छायाचित्र. साथ चढतेय की उतरतेय हे दोन फेऱ्यांतल्या फरकावरून, किंवा एकाच फेरीतल्या पहिल्या-शेवटच्या दिवसांच्या तुलनेवरून कळतं. मे २०२० मध्ये इंग्लंडमधलं प्रमाण दर साडेआठ दिवसांनी निम्मं होत होतं. रोजचे नवे रुग्ण काढायचे असतील, तर माणूस सरासरी जितके दिवस पॉझिटिव्ह राहतो तितक्याने पॉझिटिव्हांच्या संख्येला भागा. एक लाखाच्या गावात १ टक्का पॉझिटिव्ह आणि मुदत दहा दिवस धरली, तर रोज सुमारे १०० नव्या लागणी.

फसण्याच्या जागा

‘सगळ्यांचीच चाचणी करू’ हा पहिला मोह. स्लोव्हाकियाने ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२० या दोन दिवसांत सुमारे ३६ लाख लोकांची अँटिजेन चाचणी केली, १.०६ टक्के पॉझिटिव्ह निघाले. हेतू बाधितांना वेगळं काढण्याचा होता, त्यासाठी ते ठीक. नुसतं प्रमाण जाणायला एवढ्या लोकांना रांगेत उभं करायची गरज नाही.

दुसरी जागा आपल्या ओळखीची. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोव्हिसेल्फ’ला आयसीएमआरची मान्यता मिळाली आणि अडीचशे रुपयांत, पंधरा मिनिटांत, घरच्या टेबलावर निकाल कळू लागला. ज्याला स्वतःचं जाणून घ्यायचंय त्याला हे वरदानच. साथीचा माग काढणाऱ्याची मात्र यात पंचाईत होते. एकच रेघ उमटली की पट्टी कचऱ्याच्या डब्यात जाते आणि दोन रेघा उमटल्या तरी ॲपवर कळवायचं राहून जातं. मग एकूण किती जणांनी चाचणी केली, हा भागाकारातला खालचा आकडाच हरवतो. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने औषधविक्रेत्यांना अशा किटच्या विक्रीची नोंद ठेवायला सांगितली. तरीही विकलेली किट मोजून विकत न घेणारे मोजता येत नाहीत.

तिसरी जागा म्हणजे कंटाळा. रिॲक्ट-१ च्या फेऱ्यांमधला सर्वात मोठा आकडा शेवटच्या, मार्च २०२२ च्या फेरीत आला : ६.३७ टक्के, दर सोळा माणसांत एक. लोक तोवर साथ विसरू लागले होते. १ एप्रिलपासून तिथल्या बहुतेक लोकांसाठी मोफत चाचण्याही बंद झाल्या. रांग आटली की रांगेतले आकडे आटतात. विषाणूला त्याची कल्पना नसते.

शेवटची सूचना

किट परत पाठवणारा माणूस हमखास विचारतो, ‘माझं निगेटिव्ह आलं, म्हणजे तुमची मेहनत वायाच गेली ना?’ फोनवर बसलेल्याने याचं उत्तर तयार ठेवावं. पहिल्या फेरीत १,२०,४६१ जणांनी टॉन्सिलवर काडी घासली, डोळ्यांतलं पाणी पुसलं, नळी फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवली, आणि त्यांच्यात काहीच सापडलं नाही. ते नसते तर उरलेले १५९ म्हणजे थोडे की फार, हे कुणालाच सांगता आलं नसतं.